दहा मक्तेदार आणि एक भुयार

गेल्या दिवाळींत आमच्या धाकट्या बंधूंचा नातू चार दिवस घरीं आला होता. हा मुलगा स्थापत्याचा इंजिनीयर असून परप्रांतांतील एका मोठ्या शहरांत जमिनीखालून जाणाऱ्या रेल्वेच्या कामावर आहे. तें काम एका परदेशी व एका देशी कंपनीनें मिळून घेतलेलें आहे. फराळाच्या वेळीं आम्हीं त्याला सहज विचारलें, "काय रे, काम कसें काय चाललें आहे?" तो हंसून म्हणाला, "काम चांगलें आहे, आजोबा. पण साहेब दोन आहेत. एक सांगतो, आज यंत्र चालवा. दुसरा सांगतो, आधीं कागद पुरे करा, मग यंत्राला हात लावा. दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें बरोबर. आम्ही मधल्यामध्यें उभे!"

मंडळींत हंशा पिकला. आमच्या वहिनी म्हणाल्या, "त्यांत नवल तें काय? चौदा माणसांच्या घरांत सकाळीं दूध किती घ्यावयाचें हें सांगणाऱ्या तिघीजणी असल्या, म्हणजे एक दिवस दूध नासतें आणि दुसऱ्या दिवशीं पुरत नाहीं." पोरगा नंतर थोडा गंभीर झाला व म्हणाला कीं, जमिनीखालीं यंत्र एक दिवस थांबलें तर माती बसते, पाणी शिरतें, वरच्या घरांना तडे जातात, आणि चौकशी होते तेव्हां दोघेहि साहेब "आम्हीं असें सांगितलें नव्हतें" असें म्हणूं शकतात. मग सांपडतो कोण, तर मधला.

त्याला उत्तर देण्याइतकें ज्ञान आम्हांजवळ नव्हतें. आमचें आयुष्य शाळेंत रूपावली व समासचक्र शिकविण्यांत गेलें. परंतु प्रश्न मनांतून जाईना. म्हणून पुढील दोन महिने या विषयावर जें हातीं लागलें तें वाचीत बसलों. त्यांतील जें घरगुती वाचकांसहि उपयोगी वाटेल तें येथें देतों.

मोठें धरण, समुद्रावरील पूल, शहराखालचें भुयार अशीं कामें हल्लीं एकटी कंपनी क्वचितच घेते. एकीजवळ यंत्रें असतात, दुसरीजवळ त्या देशांतील माणसें व परवाने असतात, तिसरीची पत मोठी असल्यामुळें पेढ्या हमी देतात. आणि काम बुडालें तर सगळी बूड आपल्या एकटीच्या माथीं येऊं नये, ही इच्छा तर सर्वांचीच असते. म्हणून दोन-चार कंपन्या एका कामापुरत्या एकत्र येतात, व काम संपलें कीं पांगतात. याला इंग्रजींत जॉइंट व्हेंचर असें नांव आहे. आपण संयुक्त मक्ता म्हणूं. मालकाशीं होणाऱ्या करारांत बहुधा असें कलम असतें कीं, प्रत्येक भागीदार सगळ्या कामाला इतरांसह जबाबदार आहे आणि एकटाहि जबाबदार आहे. एकानें दिवाळें काढलें तर उरलेल्यांनीं काम पुरें करून दिलें पाहिजे. एकत्र कुटुंबांत ज्यांनीं दुसऱ्यानें काढलेलें कर्ज फेडलें आहे, त्यांस या कलमाचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाहीं.

ही कल्पना आपल्याकडे नवीन नव्हे. मनूनें व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं त्यांत चौथें पद संभूयसमुत्थान हें आहे. संभूय म्हणजे एकत्र होऊन, समुत्थान म्हणजे उद्योगाला उठणें. मनूनें उदाहरण यज्ञाचें घेतलें आहे. ऋत्विजांनीं मिळून यज्ञ चालविला तर दक्षिणा कशी वांटावी, एखाद्यानें काम मध्येंच सोडलें तर त्याला काय द्यावें, हें सांगून शेवटीं तो म्हणतो कीं, एकत्र काम करणाऱ्या सर्व माणसांस हाच न्याय लावावा. बृहस्पतीनें तर घर, देऊळ, तळें बांधणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख केला असून त्यांच्या प्रमुखाला दोन वांटे दिले आहेत. अनेकांनीं अधिकार दिलेल्या एकानें जो करार केला तो सर्वांनीं केला असें समजावें, असेंहि त्याचें वचन आहे. याज्ञवल्क्य त्याहून व्यवहारी. भागीदारांनीं मनाई केलेलें किंवा न सांगितलेलें काम करून, अथवा गाफीलपणानें जो नुकसान करील त्यानें तें भरून द्यावें. संकटांतून जो माल वाचवील त्याला त्याचा दहावा हिस्सा मिळावा. जो लबाडी करील त्याला नफा न देतां बाहेर काढावें. आणि ज्याला स्वतः काम झेपत नाहीं त्यानें तें दुसऱ्याकडून करवावें. आमच्या पूर्वजांनीं समुद्राखालीं भुयारें खणलीं होतीं असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हों. चार माणसें एका कामाला लागलीं कीं भांडणें तींच होतात, एवढेंच यावरून दिसतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हिस्सा आणि ताबा या दोन वस्तु वेगळ्या आहेत, व नवख्याची पहिली चूक येथेंच होते. शेंकडा एकावन्न हिस्सा ज्याचा त्याचा हुकूम चालतो, असें आपल्याला वाटतें. परंतु कामावर तसें घडत नाहीं. कामाचा मुख्य व्यवस्थापक कोण नेमतो, पेढींतील खात्यावर सह्या कोणाच्या, पोटमक्ते कोण देतो, मालकाकडे वाढीव मागणी करावयाची तर ती कोण लिहितो, यावरून ताबा ठरतो. आणखी एक गोष्ट फार सूक्ष्म आहे. पुष्कळदां एक भागीदार आपलीच यंत्रें व आपलीच माणसें संयुक्त मक्त्याला भाड्यानें देतो. मक्त्याचा नफा सर्वांत वांटला जातो. भाडें मात्र एकट्याच्या घरीं जातें. मग यंत्र जितके दिवस अधिक चालेल तितकें त्याचें बरें! एकत्र घरांतील धान्य धाकट्या भावाच्या दुकानांतून यावयाचें असेल, तर कोठीघराची किल्ली त्याच भावाच्या बायकोकडे असूं नये, हें आपल्या बायकांना कोणीं शिकवावें लागत नाहीं.

१९८३ सालीं पीटर किलिंग या कॅनडांतील अभ्यासकानें अशा भागीदाऱ्यांचे तीन वर्ग पाडले. कांहींत एकच भागीदार कारभार पाहतो. कांहींत दोघे मिळून पाहतात. कांहींत कारभाऱ्याला दोघांपासून मोकळीक असते. पहिल्या व तिसऱ्या वर्गांतील धंदे बरे चालतात व मधल्यांत खटके फार उडतात, असें त्याला आढळलें. पुढें १९८९ सालीं जेरिंजर व एबेर या दोघांनीं असें दाखविलें कीं, ताबा किती आहे एवढेंच विचारून भागत नाहीं. तो कोणत्या साधनानें चालतो आणि कोणत्या गोष्टींवर चालतो हेंहि पाहिलें पाहिजे. आम्हांस हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांवर थोडा थोडा ताबा ठेवण्यापेक्षां नेमक्या चार गोष्टींवर पुरा ताबा ठेवणें निराळें.

अमेरिकेंतील हूव्हर धरणाची गोष्ट यासाठींच सांगण्याजोगी आहे. १९३१ सालीं सहा मक्तेदार एकत्र झाले व त्यांनीं तें काम सुमारें ४ कोटि ८९ लक्ष डॉलरांस घेतलें. भागीदार सगळे एकाच देशाचे. तथापि प्रत्येक जण आपल्या घरचा राजा, आणि प्रारंभीं जो तो हुकूम सोडूं लागला. तेव्हां त्यांनीं चौघांची एक कार्यकारी समिति केली. एकानें पैसा पाहावा, एकानें खरेदी व कचेरी, एकानें प्रत्यक्ष बांधकाम, अशी वांटणी केली, आणि घळींतील रोजचा हुकूम फ्रँक क्रो या एका माणसाच्या हातीं दिला. धरण मुदतीच्या दोन वर्षें आधीं, १९३६ सालीं सरकारच्या स्वाधीन झालें. मात्र सरकारी नोंदीप्रमाणें त्या कामावर ९६ माणसें दगावलीं. म्हणून "उत्तम झालें" हा शब्द आम्ही जपून वापरतों.

भागीदार दोन देशांचे असले म्हणजे गांठ अधिक घट्ट बसते. त्याचें सर्वांत बोधप्रद उदाहरण इंग्लंड व फ्रान्स यांमधील इंग्लिश खाडीखालचें भुयार होय. त्याची हकीकत थोडी विस्तारानें देतों.

१२ फेब्रुवारी १९८६ रोजीं कँटरबरी येथें दोन्ही राष्ट्रांचा तह झाला. सरकारी पैसा घालावयाचा नाहीं, सर्व काम खासगी भांडवलावर करावयाचें, असें ठरलें. बालफोर बीटी, कॉस्टेन, टार्मॅक, टेलर वुड्रो व विम्पी हे पांच इंग्रज मक्तेदार. बुईग, द्युमे, स्पी बातिन्योल व आणखी दोन असे पांच फ्रेंच मक्तेदार. आणि दोन्हीकडच्या मिळून पांच पेढ्या. या पंधरा जणांच्या खटपटींतून युरोटनेल ही मालक कंपनी निर्माण झाली, व त्यांतल्याच दहा मक्तेदारांनीं ट्रान्समांश लिंक या नांवाखालीं बांधकाम पत्करलें. ऑगस्ट १९८६ मध्यें मालक व मक्तेदार यांचा करार झाला. परंतु त्या दिवशीं मालकाच्या खुर्चीवर बसलें होतें कोण? बहुतांशीं तेच मक्तेदार व त्याच पेढ्या! लग्नांत वधूपक्ष व वरपक्ष या दोहोंच्याहि याद्या एकाच काकांनीं केल्या, म्हणजे घासाघीस करावयास समोर कोणी उरतच नाहीं. तसेंच हें झालें. सामान्य लोकांना भाग विकले गेले ते १९८७ च्या नोव्हेंबरांत. त्याच वर्षीं ॲलिस्टर मॉर्टन नांवाचे करारी गृहस्थ इंग्रज बाजूचे अध्यक्ष म्हणून आले. मालकाला स्वतंत्र डोळे फुटले तेव्हां कागदावरची शाई केव्हांच वाळली होती.

आतां खणण्याच्या कामाकडे पाहूं. भुयाराची लांबी ५० किलोमीटरांहून थोडी अधिक, व पैकीं सुमारें ३८ किलोमीटर समुद्राखालीं. भुयार एक नव्हे, तीन आहेत. दोहोंतून गाड्या जातात व मधलें लहान भुयार हवा, दुरुस्ती आणि सुटका यांसाठीं आहे. या कामांत भागीदारांनीं एक शहाणपणाची गोष्ट केली. वर समाईक संचालक-मंडळ असलें, तरी इंग्रज अर्धें इंग्रजांनीं व फ्रेंच अर्धें फ्रेंचांनीं आपापल्या रीतीनें खणावें, असें ठेविलें. दोन्हीकडची जमीनहि भिन्न होती. चिकणमाती-मिश्रित खडूचा जो थर भुयाराला अनुकूल, तो इंग्लंडच्या बाजूला बहुतांशीं कोरडा व अखंड. फ्रान्सच्या बाजूला भेगाळलेला व पाण्यानें भरलेला. म्हणून फ्रेंचांनीं पाण्याचा दाब सोसणारीं, तोंड बंद करतां येणारीं यंत्रें आणविलीं. इंग्रजांनीं कोरड्या जमिनीवर भरंवसा ठेवून उघड्या तोंडाचीं यंत्रें लाविलीं. एकूण अकरा यंत्रें. सहा इंग्रजांचीं, पांच फ्रेंचांचीं. पुढें गंमत अशी झाली कीं, ज्यांनीं पाणी गृहीत धरलें होतें त्यांचें काम हिशेबाप्रमाणें चाललें, आणि ज्यांनीं तें गृहीत धरलें नव्हतें त्यांना १९८८ सालीं पाण्यानेंच गांठलें. इंग्रज बाजूची गति मंदावली, पैसे देणाऱ्या पेढ्या अस्वस्थ झाल्या, मालक मक्तेदारांवर उघड टीका करूं लागला. १९८९ सालीं ट्रान्समांश लिंकनें आपल्या कारभाराचें मुख्यपद जॅक लेम्ली या अमेरिकन इंजिनीयराला दिलें. हे पूर्वीं मॉरिसन-नूडसन कंपनींत होते. हूव्हर धरणाच्या सहा भागीदारांतील ही एक. म्हणजे इंग्रज व फ्रेंच यांच्या घरांत कर्ता नेमावयाचा तर तो तिसऱ्या घरचा आणावा लागला.

परंतु एक गोष्ट पहिल्यापासून दोघांनीं वांटून घेतली नाहीं, व ती म्हणजे दिशा. दोन्ही देशांच्या मोजणीचीं जाळीं वेगळीं होतीं. त्यांची सांगड घालून एक समाईक जाळें तयार केलें व दोन्हीकडचीं यंत्रें त्या एकाच जाळ्यावर हांकलीं. १ डिसेंबर १९९० रोजीं मधल्या भुयाराचीं दोन तोंडें समुद्राखालीं भेटलीं, तेव्हां चूक निघाली सुमारें ३६ सेंटिमीटरांची; म्हणजे एका हाताहूनहि कमी. इंग्रजांचें यंत्र आधींच बाजूला वळवून तेथेंच पुरून टाकलें होतें, आणि शेवटची भिंत माणसांनीं हातानें फोडली. ग्रॅहम फॅग व फिलिप कोझेत या दोन कामकऱ्यांनीं त्या भोंकांतून हात मिळविले, तें छायाचित्र पुष्कळांच्या पाहण्यांत आलें असेल.

खणण्याचें काम वांटतां येतें. अर्ध्या वाटेवर रेघ मारली कीं झालें. विजेची तार, रुळ, इशारे, हवा, पाणी, गाड्या यांचें तसें नाहीं. अर्धी गाडी इंग्रज पद्धतीची व अर्धी फ्रेंच असें करतां येत नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें भुयाराचा खरा घात याच भागांत झाला. करारांत कामाचे तीन भाग केले होते. भुयारें अंदाजी खर्चावर खणावयाचीं व कमीअधिक झाल्यास नफातोटा कांहीं मर्यादेपर्यंत वांटून घ्यावयाचा. दोन्ही टोंकांचीं स्थानकें व आंतील सारी जोडणी ठोक रकमेंत. आणि गाड्यांची खरेदी निराळ्या बोलीवर. ठोक रक्कम ठरली तेव्हां जोडणीचे नकाशे पुरे झालेले नव्हते. घराचा आराखडा होण्यापूर्वीं सुताराशीं दारें-खिडक्या उक्त्या ठरविणाऱ्यांना पुढें काय होतें तें ठाऊक आहेच. मक्तेदारांची मागणी पुढें त्या ठोक रकमेच्या जवळजवळ दुपटीवर गेली.

या भांडणाचें एक अंग तर कायद्याच्या ग्रंथांत जाऊन बसलें आहे. एवढ्या लांब नळींतून वेगानें गाड्या धांवल्या म्हणजे आंतील हवा तापते. म्हणून थंड पाण्याचे नळ फिरविण्याची योजना करणें भाग झालें. ही योजना मूळ करारांत नव्हती. तिचे पैसे किती व केव्हां द्यावयाचे यावरून १९९१ सालीं वाद पेटला, व मनासारखे पैसे न मिळाल्यास त्या योजनेचें काम थांबवूं, असें मक्तेदारांनीं कळविलें. मालक मनाईहुकूम मागण्यासाठीं इंग्लंडच्या न्यायालयांत गेला. करार असा होता कीं, तंटा आधीं तज्ज्ञांच्या पंचांपुढें न्यावा व मग ब्रसेल्स येथें लवादापुढें. आणि कायदा लावावयाचा तो इंग्रजी व फ्रेंच कायद्यांना जीं तत्त्वें समान असतील तींच! आम्ही हें कलम दोनदां वाचलें. पाणिनीय व कातंत्र यांना मान्य तेवढेंच व्याकरण शिकवावें असा हुकूम शाळेला आला असता, तर आमचे विद्यार्थी किती सुखी झाले असते! शेवटीं १९९३ च्या जानेवारींत हाउस ऑफ लॉर्ड्सनें असा निकाल दिला कीं, मनाई करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, परंतु तुम्हीं आपण होऊन ब्रसेल्सची वाट निवडली आहे, तेव्हां त्याच वाटेनें जा.

याशिवाय वर बसलेली दोन्ही सरकारांची सुरक्षा-समिति. मोटारी वाहून नेणाऱ्या डब्यांमधील आगीचीं दारें ६० सेंटिमीटर रुंद ठरलीं होतीं. तीं ७० करावींत असें तिचें म्हणणें पडलें. वीतभरहि नव्हे, चार बोटांचा फरक; पण डबे पुनः आंखावे लागले व महिनेच्या महिने गेले. सुरक्षेची मागणी चुकीची होती असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु हुकूम करणारा एक, खर्च सोसणारा दुसरा आणि उशिराबद्दल बोल खाणारा तिसरा, अशी ती मांडणी होती.

भुयार १९९३ सालीं खुलें व्हावयाचें, तें ६ मे १९९४ रोजीं इंग्लंडची राणी व फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ यांच्या हस्तें खुलें झालें. बांधकामाचा खर्च मूळ अंदाजाहून शेंकडा सुमारें ८० नें वाढला. दहा कामगार मृत्यु पावले. त्यांतले आठ इंग्रज बाजूचे. आतां हें काम यशस्वी म्हणावें कीं अयशस्वी? मक्तेदारांना विचारा, ते म्हणतील भुयार उभें आहे, पाणी गळत नाहीं. प्रवासी म्हणेल, याहून सोयीचें काय हवें? पण ज्या हजारों मध्यमवर्गी कुटुंबांनीं, विशेषतः फ्रान्समधील, ३५० पेन्सांस एक भाग घेऊन आयुष्याची शिल्लक त्यांत गुंतविली, त्यांना विचारणारें कोण? व्याजाच्या ओझ्याखालीं मालक कंपनी वर्षानुवर्षें दबली, भागांची किंमत कोसळली, आणि २००४ च्या एप्रिलांत या लहान भागधारकांनीं सभेंत बंड करून सगळें संचालक-मंडळ पदच्युत केलें. कर्जाची नवी घडी बसली ती २००७ सालीं. मक्तेदार तोंपर्यंत आपापल्या गांवीं परत गेले होते. संयुक्त मक्ता कामापुरता असतो, व त्याचे परिणाम सोसणारे घरीं बसलेले असतात, ही गोष्ट त्या विद्वानांच्या कोष्टकांत आम्हांस कोठें ठळक दिसली नाहीं.

पनामा कालव्याच्या नव्या दरवाजांची कथा थोडक्यांत सांगतों. स्पेन, इटली, बेल्जम व खुद्द पनामा येथील चार कंपन्यांनीं २००९ सालीं सुमारें ३१२ कोटि डॉलरांची बोली लावून तें काम मिळविलें. दुसऱ्या क्रमांकाची बोली त्याहून सुमारें शंभर कोटींनीं अधिक होती. एवढ्या फरकानें बोली जिंकली तेव्हां घरांत आनंद झाला असेल; परंतु २०१४ च्या प्रारंभीं त्याच भागीदारांनीं १६० कोटींची वाढीव मागणी पुढें करून काम थांबविण्याची धमकी दिली. स्पेनच्या मंत्रीणबाई मध्यस्थीसाठीं धांवल्या. तरीहि फेब्रुवारींत दोन आठवडे काम बंद पडलें. नवे दरवाजे २६ जून २०१६ रोजीं उघडले, ठरल्या मुदतीनंतर दीड वर्षाहून अधिक उशिरा. भागीदार चार असले तरी बोलीचा आंकडा एकच असतो, आणि त्यांत चूक झाली कीं घरांतील सगळीं भांडणें एकदम जागीं होतात.

आपल्या दाराशींहि हा प्रकार आतां नित्याचा झाला आहे. शिवडीपासून न्हावा-शेव्यापर्यंतचा २१.८ किलोमीटरांचा अटल सेतु १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झाला. त्याच्या पुलाचे तीन तुकडे केले होते. पहिला लार्सन अँड टुब्रो व जपानची आयएचआय यांनीं मिळून बांधला. दुसरा कोरियाची देवू व टाटा प्रोजेक्ट्स यांनीं. तिसरा, जमिनीकडचा, लार्सन अँड टुब्रोनें एकटीनें. कर्ज जपानच्या जायका या संस्थेचें. येथें कामाची आडवी वांटणी होती, खाडीच्या भुयारासारखी. पहिल्या दोन तुकड्यांत भागीदार दोन-दोन, आणि रेघ आंखणारा मालक वर एकच. पुण्यांत शिवाजीनगरकडून स्वारगेटपर्यंत जमिनीखालून जी मेट्रो जाते तिचें भुयार तुर्कस्तानची गुलेरमाक व टाटा प्रोजेक्ट्स यांनीं जोडीनें केलें. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं ती स्वारगेटपर्यंत सुरू झाली. मंडईखालून गाडींत बसून जातांना वर भाजीचा भाव चालला आहे व खालची भिंत दोन देशांच्या माणसांनीं मिळून रचली आहे, हा विचार मनांत येतोच.

हें सगळें वाचून झाल्यावर आम्हीं नातवाला फोन करून तीन प्रश्न विचारले. तुमचीं यंत्रें कोणाचीं आहेत? पैशाच्या खात्यावर सह्या कोणाच्या? आणि रात्रीं दोन वाजतां पाणी शिरलें तर यंत्र थांबविण्याचा हुकूम कोणाचा? पहिल्या दोहोंचीं उत्तरें त्यानें तत्काळ दिलीं. तिसऱ्याला तो जरा थांबला व म्हणाला, "आजोबा, कागदावर दोघांचा आहे. खरें म्हणजे पाळीवर जो असेल त्याचा." आम्ही म्हणालों, "मग तेवढी एकच गोष्ट दोन्ही साहेबांकडून लिहून घे. यंत्र केव्हां चालवावें यावर त्यांना खुशाल वाद घालूं दे. पण तें थांबवावयाचा अधिकार कोणत्या एका माणसाचा, हें लेखी असूं दे, आणि त्यानें थांबविल्यावर त्याला कोणी जाब विचारूं नये असेंहि असूं दे." तो म्हणाला, "धाकट्यानें सांगितलेलें ऐकतील का?" आम्ही म्हणालों, "याज्ञवल्क्याचें सांग." संकटांतून माल वाचविणाऱ्यास दहावा हिस्सा, हें वचन त्यानें आमच्याकडून इंग्रजींत लिहून घेतलें.

महिन्याभरानें त्याचा निरोप आला. पाळीच्या मुख्याला थांबविण्याचा अधिकार देणारा एक पानाचा कागद दोन्ही साहेबांच्या सह्यांनिशीं झाला आहे. त्यावर सही करतांना परदेशी साहेबांनीं एवढेंच विचारलें कीं, तो दहावा हिस्सा पगाराखेरीज कीं पगारांतच धरलेला? यावर मिताक्षरेंत काय आहे तें पाहून कळविण्याचें काम सध्यां आमच्याकडे आहे.